बांध सरकवायचा, पण पीक न तुडवता

घरातल्या किंवा शाळेतल्या एखाद्या लिनक्स लॅपटॉपवर तुम्हाला असा अनुभव आला असेल. एखादा नवा प्रोग्राम बसवायला जावे, तर संगणक सांगतो, ‘जागा शिल्लक नाही.’ आणि डिस्क तर भली मोठी, ५०० जीबीची! मग जागा गेली कुठे? थोडा शोध घेतला की कळते की डिस्कचे वाटे केलेले आहेत. एका वाट्यात पाय ठेवायला जागा नाही आणि शेजारच्या वाट्यात मात्र रान मोकळे पडले आहे. कोणी जाणता माणूस सल्ला देतो, ‘सगळे पुसून टाका आणि लिनक्स नव्याने बसवा.’ हा सल्ला चुकीचा नाही. पण गोधडीत उवा झाल्या म्हणून गोधडीच जाळण्यासारखा आहे. सर्व प्रोग्राम, त्यांच्या सर्व मांडण्या, महिनोन्महिने बसवलेली घडी, हे सारे त्यात जाते.

नव्याने काही न बसवता या वाट्यांमधील सीमा हलवता येतात. ते कसे होते आणि त्यात धोका नेमका कुठे असतो, हे आज आपण पाहू. कोणती कळ दाबायची हे माहीत असणारे पुष्कळ असतात. ती दाबल्यावर डिस्कवर काय घडते हे माहीत असणारे थोडे. अडचण आली की उपयोगी पडते ते हे दुसरे ज्ञान.

प्रथम वाटा म्हणजे काय ते समजून घेऊ. संगणकाच्या भाषेत याला पार्टिशन म्हणतात. आपण विभाग म्हणू. डिस्क ही संगणकाच्या दृष्टीने क्रमांक दिलेल्या लहान लहान खणांची एक लांबच लांब रांग असते. या खणांना सेक्टर म्हणतात. एका सेक्टरमध्ये परंपरेने ५१२ बाइट मावतात. (आजच्या बहुतेक डिस्क आतून ४,०९६ बाइटांचे मोठे खण वापरतात, पण हिशेब पुष्कळदा ५१२ चाच दाखवतात.) ५०० जीबीच्या डिस्कवर असे सुमारे ९८ कोटी सेक्टर असतात.

आता शेतीचे उदाहरण घ्या. दोन भावांची शेते शेजारी शेजारी आहेत. थोरल्याची जमीन कुठून कुठपर्यंत, हे कोठे नोंदलेले असते? ते असते तलाठ्याच्या दप्तरात. ती नोंद बदलली म्हणून शेतातली माती हलत नाही, की उभे पीक उचलून पलीकडे जात नाही. डिस्कचेही अगदी असेच आहे. डिस्कच्या आरंभी एक छोटीशी नोंदवही असते. तिला विभागतक्ता म्हणू. त्यात प्रत्येक विभागासाठी मुख्यतः दोनच गोष्टी असतात: हा विभाग कितव्या सेक्टरपासून सुरू होतो आणि कितव्या सेक्टरला संपतो. पार्टिशन म्हणजे डिस्कमध्ये उभारलेली भिंत नव्हे. पार्टिशन म्हणजे दोन आकडे!

जुन्या पद्धतीत ही सारी नोंद डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये कोंबलेली असे. त्या ५१२ बाइटांपैकी ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामसाठी, ६४ बाइट विभागतक्त्यासाठी आणि उरलेले २ बाइट खुणेसाठी. एका नोंदीला १६ बाइट लागत. त्यामुळे ६४ बाइटांत नोंदी मावत फक्त चार. शिवाय सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहिला जाई. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ इतकेच क्रमांक बसतात. त्यांना ५१२ ने गुणा, म्हणजे सुमारे २.२ टेराबाइट येतील. त्याहून मोठी डिस्क या पद्धतीला दिसतच नसे. आजच्या लॅपटॉपमध्ये जीपीटी नावाची नवी पद्धत असते. तिच्यात क्रमांक ६४ बिटांचे असतात, नेहमीच्या मांडणीत १२८ विभागांची सोय असते आणि विशेष म्हणजे तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. दप्तराला आग लागली तरी नक्कल दुसऱ्या गावी शाबूत, असा हा शहाणपणा आहे.

पण नोंदीतले दोन आकडे बदलले की काम झाले, असे मात्र नाही. कारण शेतात पीक आहे. प्रत्येक विभागाच्या आत आणखी एक व्यवस्था नांदत असते. तिला फाइल-व्यवस्था म्हणतात. लिनक्सवर पुष्कळ ठिकाणी एक्स्ट-४ नावाची व्यवस्था असते. ती २००८ च्या अखेरीस लिनक्समध्ये पक्की झाली. ही व्यवस्था आपल्या विभागाचे ४,०९६ बाइटांचे ठोकळे पाडते आणि कोणती फाइल कोणत्या ठोकळ्यांत आहे, कोणते ठोकळे मोकळे आहेत, आपल्याकडे एकूण ठोकळे किती, याचे स्वतःचे हिशेब ठेवते. लक्षात ठेवा, ‘एकूण ठोकळे किती’ हा आकडा तिच्याजवळ स्वतंत्र लिहिलेला असतो. म्हणजे जमीन किती आहे हे दोन ठिकाणी लिहिले गेले: एकदा तलाठ्याकडे आणि एकदा शेतकऱ्याच्या वहीत. या दोन आकड्यांचा मेळ बसला नाही की तंटा सुरू झालाच म्हणून समजा.

या एका गोष्टीवरून पुढचा नियम आपोआप निघतो. पाठ करण्याची गरज नाही. विभाग लहान करायचा असेल तर आधी आतील फाइल-व्यवस्थेने अंग चोरून घेतले पाहिजे. उजव्या टोकाला जे ठोकळे भरलेले असतील त्यांतला मजकूर ती डावीकडे मोकळ्या ठोकळ्यांत हलवते, आपल्या यादीतले पत्ते सुधारते, एकूण संख्या कमी करून लिहिते. मगच बाहेरच्या तक्त्यातला शेवटचा आकडा कमी करायचा. विभाग मोठा करायचा असेल तर क्रम उलटा: आधी तक्त्यात हद्द वाढवायची, मग फाइल-व्यवस्थेला सांगायचे, ‘आता पाय पसरा.’ क्रम चुकला तर काय होईल? समजा लहान करताना कोणी आधी तक्ताच बदलला. फाइल-व्यवस्था म्हणेल, ‘माझे ठोकळे इतके, आणि मला दिसते आहे त्याहून कमी!’ आणि ती विभाग उघडण्यास नकार देईल. गंमत अशी की, त्यानंतर दुसरे काहीही लिहिले गेले नसेल तर जुना आकडा तक्त्यात परत लिहिताच सारे पूर्ववत होते. माती हललेलीच नव्हती ना!

म्हणून अशा कामापूर्वी विभागतक्ता कागदावर उतरवून ठेवण्याची सवय मला फार मोलाची वाटते. प्रत्येक विभागाचा आरंभ आणि शेवट, सेक्टरमध्ये. पाचसहा ओळींचे काम आहे.

इथपर्यंत आपण उजव्या कडेविषयी बोललो. उजवी कड हलवणे सोपे असते. खरी परीक्षा असते ती डाव्या कडेची.

कारण असे. फाइल-व्यवस्थेचे सारे पत्ते ‘विभागाच्या आरंभापासून इतकावा ठोकळा’ असे असतात. चाळीतल्या खोल्यांना पहिल्या दारापासून क्रमांक द्यावेत तसे. आता आरंभच चाळीस जीबी उजवीकडे न्यायचा म्हटले, तर प्रत्येक ठोकळा तितकाच उजवीकडे न्यावा लागतो. सगळी चाळच सरकवायची! सर्व ठोकळे सारख्याच अंतराने सरकले, तर आतले एकही पत्त्याचे पान बदलावे लागत नाही, हा त्यातला फायदा. पण सरकवायचे कसे, यात एक नाजूक मेख आहे.

वही आणि पेन्सिल घ्या. एका ओळीत आठ चौकटी आखा. पहिल्या सहा चौकटींत क, ख, ग, घ, च, छ ही अक्षरे लिहा. शेवटच्या दोन रिकाम्या ठेवा. आता ही सर्व अक्षरे दोन दोन चौकटी उजवीकडे न्यायची आहेत. अट एकच: एका वेळी एकाच चौकटीची नक्कल करायची, आणि नव्या जागी जे असेल ते खोडून त्यावर लिहायचे. डिस्क असेच करते.

डावीकडून सुरुवात करून पाहा. पहिल्या चौकटीतला ‘क’ तिसरीत लिहिला. तिथला ‘ग’ पुसला गेला. दुसरीतला ‘ख’ चौथीत, ‘घ’ गेला. तिसरीतले अक्षर पाचवीत न्यायचे, पण तिसरीत आता ‘क’ आहे! शेवटी ओळ अशी दिसेल: क ख क ख क ख क ख. ग, घ, च, छ यांचा मागमूसही उरला नाही.

आता पुन्हा मूळ अक्षरे लिहून उजवीकडून सुरुवात करा. सहावीतला ‘छ’ आठवीत, पाचवीतला ‘च’ सातवीत, चौथीतला ‘घ’ सहावीत, आणि असेच मागे मागे या. शेवटी ओळ होईल: क ख क ख ग घ च छ. तिसऱ्या चौकटीपासून पुढे वाचा. सहाही अक्षरे जशीच्या तशी आली. पहिल्या दोन चौकटींतला कचरा आता कोणाच्याच हद्दीत नाही. म्हणजे उजवीकडे सरकवायचे तर उजव्या टोकापासून, आणि डावीकडे सरकवायचे तर डाव्या टोकापासून नक्कल करायला हवी. बाकावरच्या मुलांना सरकायला सांगितले की कडेच्या मुलाने आधी हलावे लागते, तसेच हे. डिस्कची मांडणी करणारे चांगले प्रोग्राम ही काळजी स्वतःच घेतात.

पण मध्येच वीज गेली तर? दुसरी पद्धत घ्या आणि तीन अक्षरे हलवून थांबा. ओळ अशी दिसेल: क ख ग घ च घ च छ. नीट पाहा. एकही अक्षर हरवलेले नाही! शिवाय ‘घ’ आणि ‘च’ दोनदा आहेत. काम जिथे थांबले त्या सीमेवर, जितके अंतर सरकवायचे होते तितक्या चौकटींची दुहेरी प्रत आढळते. सरकवण्याचे अंतर ४० जीबी असेल तर सीमेवर ४० जीबींचा मजकूर दोनदा सापडेल. याचा अर्थ, अर्धवट थांबलेल्या डिस्कमध्येही सारा मजकूर असतो. फक्त तो कोठे कोणता, हे संगणकाला माहीत नसते. एक्स्ट-४ ला आपला आरंभ डावीकडे जुन्याच जागी दिसतो, तिथले पहिले ठोकळेही ठीक असतात, आणि पुढे मात्र भलत्याच ठिकाणी भलताच मजकूर असतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. कोकणातल्या एका शाळेत विद्यार्थ्यांनी काही वर्षे रोजच्या पावसाची नोंद ठेवली होती. पर्जन्यमापक, सकाळी साडेआठची वेळ, सारे शिस्तीत. नोंदी एका जुन्या लॅपटॉपवर होत्या आणि त्यात वर दिलेलेच दुखणे होते: एक विभाग भरलेला, एक रिकामा. ‘तासाभरात करून देतो,’ असे मी शिक्षकांना मोठ्या ऐटीत सांगितले. त्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली होती. तो नुसत्या तारेवर चालत होता. दिवस जुलैचे. दुसरीकडे प्रत घ्यावी असे मनात आले होते, पण पेन ड्राइव्ह लहान पडला आणि मी ते सोडून दिले. व्हायचे तेच झाले. काम अर्ध्यावर आले असताना गडगडाट झाला आणि खोलीतला पंखा थांबला.

इथपर्यंतचे नुकसान भरून येण्याजोगे होते, हे आता चौकटींवरून तुम्हालाही कळते. सीमा शोधून उरलेले काम हाताने पुरे करता आले असते. पण वीज परत येताच मी घाबरून फाइल-व्यवस्था तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम चालवला आणि त्याच्या प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हटले. तो बिचारा आपल्या परीने बरोबर वागला. त्याला डावीकडचा आरंभ दिसला, पुढे विसंगती दिसल्या, आणि त्याने त्या ‘दुरुस्त’ केल्या. म्हणजे खऱ्या नोंदी चुकीच्या समजून पुसल्या. वीज गेल्याने जे हरवले नव्हते, ते मी घालवले. नंतर हरवलेल्या फाइली हुडकणाऱ्या एका प्रोग्रामने हजारो फाइली बाहेर काढल्या, पण नावांविना, नुसते आकडे. पावसाची फाइल त्यांत पुरी मिळाली नाही. शेवटी मुलांनी पर्जन्यमापकाशेजारी टांगलेल्या कागदी वह्या शोधल्या आणि दोन पावसाळ्यांचे आकडे पुन्हा टंकले. आठवीतल्या एका मुलीने मला विचारले, ‘सर, तुम्ही आधी प्रत का नाही घेतली?’ मी काय उत्तर देणार?

तेव्हा पहिली गोष्ट प्रत. दुसऱ्या डिस्कवर, आणि ती उघडून पाहिलेली. न उघडलेली प्रत म्हणजे न मोजलेले पैसे. ती असली की पुढचे सारे वाचन निर्धास्तपणे करता येईल.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण सोडवू. लॅपटॉपची डिस्क ५०० जीबीची. विक्रेत्याचा जीबी म्हणजे १०० कोटी बाइट. विभाग करणारे प्रोग्राम मात्र १,०२४ चा तीनदा गुणाकार करून येणारे माप धरतात. म्हणून तीच डिस्क तिथे सुमारे ४६५.५ दिसते. कोणी चोरी केलेली नाही! पुढचे आकडे याच मोठ्या मापातले आहेत. नाव मात्र आपण जीबीच ठेवू. डावीकडून उजवीकडे चार विभाग आहेत: संगणक सुरू करण्यासाठी अर्ध्या जीबीचा, लिनक्स व प्रोग्रामांसाठी २५ जीबीचा मूळ विभाग, ८ जीबीचा स्वॅप, आणि आपल्या फाइलींसाठी ४३२ जीबीचा होम विभाग. मूळ विभाग जवळजवळ भरला आहे, होममध्ये फक्त १४० जीबी वापरात आहेत. मूळ विभागाला ४० जीबी वाढवून हवे आहेत.

मूळ विभागाच्या उजवीकडे लगेच स्वॅप आहे, आणि त्यापलीकडे होम. स्वॅप म्हणजे स्मृती अपुरी पडल्यास संगणकाने तात्पुरते सामान ठेवायची ओसरी. लॅपटॉप पूर्ण बंद केला की तिथे जपण्यासारखे काही उरत नाही. (‘पूर्ण बंद’ या शब्दांवर जोर आहे. काही लॅपटॉप झोपी जाताना सारी स्मृती स्वॅपमध्ये लिहून ठेवतात. तशा झोपेतल्या यंत्राच्या विभागांना हात लावायचा नाही.) म्हणून स्वॅप सरकवत बसण्यापेक्षा काढून टाकणे सोपे. त्याऐवजी नंतर मूळ विभागात ८ जीबीची स्वॅप-फाइल करता येते. लिनक्सला दोन्ही सारखेच चालतात. मग होमची डावी कड ४० जीबी उजवीकडे नेली की मूळ विभागाला २५ अधिक ८ अधिक ४०, म्हणजे ७३ जीबी मिळतात. त्यांतून ८ ची स्वॅप-फाइल वजा केली की ६५ उरतात. हिशेब जुळला. होम राहील ३९२ जीबीचा.

हे काम चालू लिनक्समधून करता येत नाही. एक्स्ट-४ चालू असताना मोठी होऊ शकते, पण लहान व्हायला ती बंद असावी लागते. आणि मूळ विभाग तर चालू लिनक्स स्वतःच वापरत असते. बसलो आहोत ती फांदी तोडायची नाही. म्हणून पेन ड्राइव्हवरून चालणारे लिनक्स वापरून लॅपटॉप सुरू करतात. मग आतली डिस्क निवांत पडून राहते. त्या पेन ड्राइव्हवर जीपार्टेड नावाचा प्रोग्राम बहुधा असतोच. २००४ पासून तो मोफत उपलब्ध आहे. विभागांची रंगीत पट्टी तो दाखवतो. एखाद्या विभागापुढे किल्लीचे चित्र दिसले तर तो विभाग वापरात आहे असे समजावे. पेन ड्राइव्हवरचे लिनक्स पुष्कळदा आतला स्वॅप आपणहून वापरायला घेते. तो आधी मोकळा करावा लागतो.

जीपार्टेडची एक गोष्ट मला फार आवडते. तुम्ही पट्ट्या ओढाल, आकडे बदलाल, तरी डिस्कवर काहीच होत नाही. सारी कामे यादीत रचली जातात आणि ‘अंमल करा’ या अर्थाचे बटण दाबल्यावरच सुरू होतात. तोवर चहा पिऊन यावे, यादी कागदावरच्या हिशेबाशी ताडून पाहावी, सोबत आणखी कोणी असेल तर त्यालाही वाचायला लावावे. आपली यादी अशी: स्वॅप काढणे, होम लहान करून उजवीकडे सरकवणे, मूळ विभागाची उजवी कड वाढवणे. होमच्या बाबतीत प्रोग्राम आधी फाइल-व्यवस्था तपासतो, मग ती ३९२ जीबीत बसवतो, मग हद्द बदलतो, आणि मग सगळी चाळ सरकवतो. मूळ विभागाची डावी कड आपण हलवलेली नाही. फक्त उजवी वाढवली. त्यामुळे संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रामला तो पूर्वीच्याच जागी सापडतो.

वेळ किती लागेल? फिरत्या तबकडीच्या डिस्कवर वाचणे आणि लिहिणे एकाच वेळी चालते, म्हणून सेकंदाला ५० मेगाबाइट असा मंद वेग धरू. फक्त वापरातले ठोकळे हलवले तर १४० जीबी, म्हणजे सुमारे १५,००० कोटी बाइट: ३,००० सेकंद, ५० मिनिटे. पण रिकामे ठोकळेही मुकाट्याने उचलणारे प्रोग्राम असतात. त्यांना ३९२ जीबीला सुमारे दोन तास वीस मिनिटे लागतील. चकती नसलेल्या नव्या एसएसडी डिस्कवर हे कितीतरी लवकर उरकते, पण धोक्याचे स्वरूप तेच. एवढा वेळ लॅपटॉप तारेला जोडलेला हवा आणि बॅटरीही भरलेली, काम करणारी हवी. आणि मी केले ते करू नका: थांबलेच, तर काही ‘दुरुस्त’ न करता आधी जे आहे त्याची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी.

काम संपल्यावर एक छोटी गोष्ट राहते आणि तीच पुष्कळांना छळते. लिनक्स आपले विभाग बहुधा जागेवरून ओळखत नाही, नावावरून ओळखते. एक्स्ट-४ सारख्या फाइल-व्यवस्थेला १२८ बिटांचे एक नाव असते, ३२ चिन्हांत लिहिलेले. त्याला यूयूआयडी म्हणतात. ते फाइल-व्यवस्थेच्या आतच लिहिलेले असल्यामुळे होम सरकला तरी त्याचे नाव त्याच्यासोबत सरकते. पण स्वॅप तर आपण काढून टाकला. सुरू होताना कोणकोणते विभाग जोडायचे याची यादी एफएसटॅब नावाच्या फाइलीत असते, आणि तीत अजून जुन्या स्वॅपचे नाव आहे. परिणाम असा होतो की लॅपटॉप सुरू होताना दीड मिनिट नुसता थांबून राहतो, हरवलेल्या स्वॅपची वाट पाहत. लोक घाबरतात, ‘काहीतरी बिघडले!’ काही बिघडलेले नसते. ती ओळ काढून तिच्या जागी नव्या स्वॅप-फाइलीची ओळ लिहिली की थांबणे संपते.

लॅपटॉपवर विंडोजही असेल तर त्याचा विभाग लहान करण्याचे काम विंडोजच्याच साधनाने करणे मला सुरक्षित वाटते.

आता थोडे उलटे बोलतो. एवढा खटाटोप नेहमी करावाच लागतो का? मूळ विभाग भरला तर आधी तो कशाने भरला ते पाहावे. जुने, न वापरलेले लिनक्सचे गाभे, उतरवून घेतलेल्या पण बसवून झालेल्या प्रोग्रामांच्या गाठोड्या, वाढत गेलेल्या नोंदींच्या फाइली यांतच पाचदहा जीबी सापडणे नवलाचे नाही. किंवा एखादे जड फोल्डर होममध्ये नेऊन मूळ जागी त्याची वाट दाखवणारी खूण ठेवता येते. ज्या बांधाला हात लावला नाही, त्यावरून भांडण होत नाही.

शेजारी जागा मिळवण्याची ही सारी कटकट ज्यामुळे होते ते मूळ बंधन म्हणजे विभाग सलग असावा लागतो. ते बंधनच सोडवणारी युक्ती लिनक्समध्ये १९९८ मध्ये आली. तिला एलव्हीएम म्हणतात. तिच्यात डिस्कचे बहुधा चार चार मेगाबाइटांचे तुकडे पाडतात आणि कोणता तुकडा कोणाचा याची यादी ठेवतात. मग मूळ विभाग वाढवायचा तर डिस्कवर कुठेही मोकळे असलेले तुकडे त्याच्या नावावर चढवायचे. शेजारी असण्याची अट नाही. एकाच शेतकऱ्याची जमीन गावाच्या चार शिवारांत असावी, तसे. लिनक्स प्रथम बसवतानाच ही सोय निवडावी लागते, आणि तेव्हा ती अनावश्यक वाटते, ही तिची अडचण.

करून पाहा: हा प्रयोग घरच्या लॅपटॉपच्या डिस्कवर मुळीच करू नका. एक जुना, रिकामा पेन ड्राइव्ह घ्या. जीपार्टेडमध्ये नाव व आकार पाहून तोच निवडला आहे याची दोनदा खात्री करा. त्यावर दोन विभाग करा, दोन्ही एक्स्ट-४ चे. उजव्या विभागात शंभरएक छायाचित्रे भरा. आता लिनक्समधील शा-२५६ या साधनाने प्रत्येक छायाचित्राचा ठसा काढून यादी करा. हा ठसा म्हणजे फाइलीवरून गणिताने काढलेली ६४ चिन्हांची ओळ. फाइलीत एक बिट जरी बदलला तरी ती ओळ पार वेगळी येते. यादी वहीत नको, दुसऱ्या डिस्कवर ठेवा. मग उजव्या विभागाची डावी कड उजवीकडे सरकवा, किती वेळ लागला ते घड्याळावर मोजा आणि डावा विभाग वाढवा. पुन्हा ठसे काढा आणि दोन याद्या ओळीने ताडून पाहा. पुढच्या खेपेस विभागात दुप्पट छायाचित्रे भरून तेच करा. वेळ दुप्पट लागला, की तेवढाच? त्यावरून तुमच्याकडचा प्रोग्राम फक्त भरलेले ठोकळे हलवतो की सगळेच, हे ओळखता येईल.